मोजणी वटवाघळांची, निष्कर्ष गुहेचा : श्वेतनासिका रोगाच्या निरीक्षणपद्धतीचे परीक्षण

एखाद्या रोगाने किती प्राणी मेले हे सांगितले की त्या रोगाचा परिणाम सांगून झाला, असा समज विज्ञानाच्या अभ्यासकांतही सहज रूढ होतो. उत्तर अमेरिकेतील वटवाघळांवर कोसळलेल्या श्वेतनासिका रोगाविषयी गेल्या दोन दशकांत जे विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, त्याचे परीक्षण करताना या समजाचा विचार करणे अगत्याचे ठरते. या संशोधनाने वटवाघळांची हानी चोख मापली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या गुहांत ही हानी घडली त्या गुहांच्या परिसंस्थेचे पुढे काय झाले, याविषयीची त्यातील विधाने पुराव्यापेक्षा अनुमानावरच अधिक उभी आहेत.

प्रथम या संशोधनाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाउज गुहेत घेतलेल्या एका छायाचित्रात वटवाघळांच्या नाकाडावर पांढरी बुरशी प्रथम टिपली गेली. २००७ च्या हिवाळ्यात ऑल्बनी शहराजवळच्या गुहांत मृत वटवाघळे मोठ्या संख्येने आढळली. २००९ मध्ये या कवकाला जिओमायसिस डिस्ट्रक्टन्स असे नाव मिळाले आणि २०१३ मध्ये त्याची गणना स्यूडोजिम्नोॲस्कस या प्रजातीत होऊ लागली. २०११ मध्ये निरोगी वटवाघळांना या कवकाचा संसर्ग घडवून तेच रोगाचे कारण असल्याचे प्रयोगाने सिद्ध करण्यात आले. हे कवक थंडीत वाढणारे आहे. सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर त्याची वाढ थांबते. शीतनिद्रेत वटवाघळाच्या शरीराचे तापमान जवळजवळ गुहेच्या तापमानाइतके उतरते व त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. नेमक्या याच अवस्थेत कवक पंखांच्या त्वचेत शिरते. प्राणी वारंवार जागा होतो, साठविलेली चरबी अकाली संपते आणि वसंत ऋतू येण्यापूर्वीच त्याची उपासमार होते. कारणापासून मृत्यूपर्यंतची ही साखळी ज्या काटेकोरपणे जोडली गेली, तो काटेकोरपणा अनुकरणीय आहे.

संख्यामापनाचे कामही असेच मोलाचे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने अमेरिकेतील २७ राज्ये व कॅनडातील २ प्रांत येथील नोंदी एकत्र करून असे दाखविले की, तीन जातींची संख्या दहा वर्षांहून कमी काळात शेकडा ९० हून अधिक घटली. तथापि संख्येलाही मर्यादा असतात. २०१० मध्ये वर्तविण्यात आले होते की, ईशान्य अमेरिकेतील छोटे तपकिरी वटवाघूळ सोळा वर्षांत त्या प्रदेशातून नाहीसे होईल. मृत्युमानाचा तेव्हाचा वेग पाहता हे भाकीत अवाजवी नव्हते. परंतु पुढे काही गुहांत अल्पसंख्य वटवाघळे टिकून राहिली व त्यांच्यात रोगाला तोंड देण्याची क्षमता दिसू लागली. भाकिताची ही दुरुस्ती शक्य झाली, कारण त्याच गुहांत वर्षानुवर्षे मोजणी चालू होती. गुहेतील इतर जीवांविषयीच्या विधानांना मात्र अशा दुरुस्तीची सोय नाही, आणि येथेच आक्षेपाचा मुख्य मुद्दा येतो.

या विधानांमागील युक्तिवाद सामान्यतः असा असतो. गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणून तेथे वनस्पती नाहीत. बाहेरून येणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावरच तेथील जीवन चालते. वटवाघळांची विष्ठा हे असे द्रव्य होय. सबब वटवाघळे गेली की विष्ठा थांबेल आणि तिच्यावर जगणारे भुंगेरे, गोचिडवर्गीय सूक्ष्म जीव व कोलेम्बोला हेही लोप पावतील. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या निर्दोष भासतो, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. ज्या गुहांत वटवाघळे मेली त्याच गुहा त्यांच्या विष्ठेवर जगत होत्या, असे त्यात मानले जाते. वास्तविक शीतनिद्रेतील वटवाघूळ काही खात नाही, म्हणून विष्ठाही फारच थोडी टाकते. छोट्या तपकिरी वटवाघळाच्या माद्या उन्हाळ्यात बहुधा घरांच्या माळ्यांवर व झाडांच्या ढोलींत वसाहत करतात. त्यांची बहुतांश विष्ठा गुहेबाहेरच पडते. उलट आग्नेय अमेरिकेतील मायोटिस ग्रिसेसेन्स ही करडी जात उन्हाळ्यातही गुहांतच राहते व तेथे विष्ठेचे मोठे ढीग साठविते. या जातीत रोगाची लक्षणे २०१२ मध्ये आढळली. परंतु इतर जातींसारखा तिचा संहार झालेला नाही. म्हणजे ज्या गुहा विष्ठेने समृद्ध आहेत त्यांतील वटवाघळे बरीचशी वाचली, आणि जी वटवाघळे मेली त्यांच्या हिवाळी गुहांना विष्ठेचा पुरवठा मुळातच बेताचा होता.

केंटकी राज्यातील मॅमथ गुहेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानात हा रोग २०१३ मध्ये पोहोचला. परंतु तेथील अन्नसाखळीचा एक प्रमुख आधार आहे गुहेतील रातकिडा. तो रात्री बाहेर जाऊन चरतो व परत येऊन गुहेत विष्ठा आणि अंडी टाकतो. वाळूत पुरलेली ती अंडी उकरून खाणारा एक अंध भुंगेरा त्याच गुहेत राहतो. वटवाघळांच्या घटीवरून या भुंगेऱ्याचे भवितव्य सांगता येणार नाही, हे उघड आहे. शिवाय मृत वटवाघळांची कलेवरे ही स्वतःच गुहेला मिळालेली आकस्मिक मेजवानी असते. रोगाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पाहणी केली, तर कीटकांची संख्या वाढलेलीही दिसू शकेल आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा असेल.

याचा अर्थ गुहांवर परिणाम झालाच नाही असा नव्हे. तो झाला की नाही हे ठरविण्यासाठी रोगापूर्वीची नोंद हवी, आणि अपृष्ठवंशी प्राण्यांची अशी नोंद फार थोड्या गुहांपुरती उपलब्ध आहे. त्यात आणखी एक पेच आहे. निरीक्षकाची प्रत्येक भेट निद्रिस्त प्राण्याला जागविते, त्याच्या पादत्राणांवरून कवक दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. म्हणून अनेक ठिकाणी गणना एक हिवाळा सोडून केली जाते. उत्तर अमेरिकेत २०१५ पासून आखलेल्या निरीक्षणयोजनेत गुहेबाहेर ध्वनिग्रहण करून वटवाघळांचा माग काढण्यावर भर आहे. ही पद्धती निरुपद्रवी खरी, पण गुहेच्या तळाशी काय घडते याविषयी ती मूक आहे.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. कवक वटवाघळांच्या अनुपस्थितीतही गुहेच्या मातीत टिकून राहते. म्हणून गुहेचेच निर्जंतुकीकरण करावे, अशी कल्पना वेळोवेळी पुढे येते. २०१२ मध्ये टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल शहराजवळ एक कृत्रिम गुहा बांधण्यात आली. उन्हाळ्यात वटवाघळे बाहेर असताना ती धुऊन कवकमुक्त करता यावी, हा तिचा हेतू होता. नैसर्गिक गुहेत तोच उपाय केला असता तेथील स्थानिक कवके, सूक्ष्मजंतू व कीटक यांचाही नाश झाला असता. कृत्रिम गुहा बांधणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. ज्या जीवांची नोंदच नाही त्यांची किंमत उपाययोजनेच्या हिशेबात शून्य धरली जाण्याचा धोका मात्र कायम आहे.

तेव्हा निरीक्षणाची दिशा बदलली पाहिजे. वटवाघळे जेथून नाहीशी झाली आणि जेथे ती टिकली, अशा तुल्य गुहा निवडून दोन्हीकडे विष्ठेचे प्रमाण व अपृष्ठवंशी प्राण्यांची संख्या एकाच पद्धतीने, ऋतुवार आणि अनेक वर्षे मोजली गेली पाहिजे. फरक आढळला नाही, तर तोही निष्कर्ष तितक्याच आदराने प्रसिद्ध व्हावा.

सह्याद्रीतील उष्ण गुहांत हे थंडीप्रिय कवक फोफावण्याची भीती नाही. परंतु त्यातून निघणारा धडा येथेही लागू आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमांपासून जवळ, कर्नाटकातील बारापेडे गुहांतील राउटनच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झाले. तेव्हापासून त्या गुहांचे नाव छताला लटकणाऱ्या या प्राण्याशीच जोडले गेले आहे. छताखालच्या विष्ठेत काय जगते, याचीही मोजदाद संकट येण्यापूर्वी झाली पाहिजे. कारण संकटानंतर केलेली मोजणी उरलेल्यांची संख्या सांगते, गेलेल्यांची नव्हे.