‘स्थिर’ जीवनसत्त्व : बाटलीत की त्वचेत?

चेहऱ्याला लावण्याच्या द्रव्यांवर हल्ली ‘स्थिर व सौम्य जीवनसत्त्व क’ असा मजकूर दिसतो. अकरावी-बारावीची मुले खाऊचे पैसे साठवून अशी बाटली घेतात आणि मग रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारतात, “सर, हे खरं असतं का?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ही दोन्ही विशेषणे खोटी नाहीत; पण ती अर्धीच गोष्ट सांगतात, असे आमचे मत आहे.

जीवनसत्त्व क म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याच्या रेणूत दुसऱ्या व तिसऱ्या कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो आणि त्या दोहोंवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. ही जोडी सहजपणे इलेक्ट्रॉन देते. उन्हामुळे त्वचेत तयार होणाऱ्या मुक्त मूलकांना आवर घालण्याचा गुण यातूनच येतो, आणि हवेतील ऑक्सिजनमुळे बाटलीतच पिवळे-तपकिरी पडण्याचा दोषही यातूनच! शिवाय हे आम्ल त्वचेत शिरावे म्हणून द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी ठेवावा लागतो. नाजूक त्वचेला ते झोंबते.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय चतुर आहे. दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला फॉस्फेट किंवा ग्लुकोज जोडले, की या जोडीला जणू कुलूप लागते. असे अनुजात उदासीन सामूच्या आसपासही टिकते व झोंबत नाही. मात्र कुलूपबंद रेणू जीवनसत्त्वाचे काम करीत नाही. त्वचेतील विकरांनी कुलूप काढले तरच तो कामाला लागतो. म्हणजे ‘स्थिर’ हे विशेषण बाटलीचे आहे, त्वचेचे नव्हे. त्वचेत किती शिरले व त्यातले किती मोकळे झाले, याविषयी वेष्टन गप्प असते.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट लावून त्वचेतील जीवनसत्त्वाची पातळी वाढली नाही. शुद्ध आम्लाने वाढली. मात्र शुद्ध आम्लाच्या द्रावणाचे १९९२ चे एक पेटंट पिनेल यांच्याही नावावर होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. उलट १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी याच फॉस्फेटचे १० टक्क्यांचे क्रीम वापरले, तेव्हा काळे डाग असलेल्या ३४ जणांपैकी १९ जणांचे डाग फिकट झाले. पण निरोगी त्वचेच्या २५ जणांपैकी फक्त तिघांत फरक दिसला. तेव्हा अनुजाते निरुपयोगी आहेत असे म्हणता येत नाही, आणि ती सर्वांनाच उजळवतात असेही नाही.

टक्केवारीचे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावे. ॲस्कॉर्बिक आम्लाचा रेणुभार १७६, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडचा ३३८. म्हणून २ टक्के ग्लुकोसाइडमधून, सर्व कुलपे उघडली तरी, जेमतेम १ टक्का जीवनसत्त्व मिळेल. तेलात विरघळणाऱ्या टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेटचा रेणुभार सुमारे ११२९ आहे. त्याच्या १० टक्क्यांतून दीड टक्क्याच्या आसपासच! वेष्टनावरील आकडा नेमका कशाचा, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

सोबत एक प्रयोगही करता येईल. स्टार्च व आयोडीनच्या निळ्या द्रावणात लिंबाचा रस थेंब थेंब घाला. रंग जातो, कारण ॲस्कॉर्बिक आम्ल आयोडीनचे क्षपण करते. शुद्ध ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड घातले तर रंग तसाच राहतो. कुलूप म्हणजे काय, हे मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

ज्यांना आम्ल सोसत नाही, त्यांनी अनुजात वापरण्यात काही गैर नाही. आमची तक्रार पदार्थाविषयी नाही, अर्धवट वाक्याविषयी आहे. ‘स्थिर’ हा शब्द वाचताच “कुठे?” असे विचारण्याची सवय वर्गाला लागली, तर बाटलीची किंमत वसूल झाली म्हणायची.