रिकामा हिमालय : सॅम्युअल बोर्नची छायाचित्रे आणि पत्रे

चंदीगडच्या उत्तरेस शिवालिकची ठेंगणी रांग आहे. तिच्या पायथ्याशी काळका आणि तेथून सिमल्याची चढण. या शहराची आखणी होण्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी, १८६३ साली, नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून हिंदुस्थानात आलेला सॅम्युअल बोर्न सिमल्यास पोहोचला. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वेळा तो हिमालयाच्या अंतर्भागात हिंडला. तिसऱ्या प्रवासात त्याने १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. इंग्रज दिवाणखान्यांतील आल्बमांत जो हिमालय जाऊन बसला, त्यात बोर्नचा वाटा मोठा होता.

हा हिमालय शांत आणि बहुतांशी निर्मनुष्य आहे. पुढे पाणी किंवा झाड, मध्ये दरी, मागे हिमशिखर ही मांडणी इंग्रजी निसर्गचित्रांच्या परंपरेतून उचललेली. डोंगर या चौकटीत मावत नसत, तेव्हा बोर्न डोंगरांनाच दोष देई. काश्मीरची सरोवरे मात्र त्याला मनाजोगी वाटली. चित्रात एखादा माणूस असलाच, तर तो कड्याची उंची कळावी एवढ्यापुरता.

या प्रवासांविषयी बोर्नने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त दीर्घ पत्रे लिहिली. ती वाचताना चित्रांतील शांतता टिकत नाही. त्या काळी काचेवर ओला रासायनिक लेप देऊन, तो वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवावे लागे. त्यामुळे काळोखा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, शिवाय साहेबाचा बिछाना आणि खाद्यपेये, सारेच माणसांच्या पाठीवरून डोंगर चढे. पहिल्याच प्रवासात असे तीसेक हमाल होते. त्यांचे पळून जाणे आणि हातात काठी घेऊन बोर्नने त्यांना घरांतून हुडकून काढणे, हे सर्व तो फारसा संकोच न करता सांगतो. या पहाडी राज्यांत वेठबिगार रूढ होती. तिच्याविरुद्ध कोटगढ परिसरात सत्यानंद स्टोक्स यांच्या नेतृत्वाखाली चळवळ झाली ती १९२१ च्या सुमारास.

म्हणजे बोर्नने काही लपवले असे म्हणता येत नाही. एकाच माणसाने एकाच वाटेवर दोन कृती निर्माण केल्या. मात्र त्यांचे वाचक निराळे होते. पत्रे व्यवसायबंधूंनी वाचली, चित्रे विकली गेली. पाश्चात्त्य मनातील हिमालय घडला तो चित्रांवर. एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर अशा प्रत्येक छायाचित्रात सत्तेची नजर शोधण्याची एक सोपी रीत रूढ झाली आहे. ती बोर्नपाशी अपुरी पडते, कारण त्याची चित्रे खरोखरच सुंदर आहेत, आणि चित्रातून जे वगळले गेले त्याचा सर्वांत सविस्तर साक्षीदार तो स्वतःच आहे.

मुंबईत त्याच दशकात याची उलट बाजू दिसते. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत मुंबईतील जातिजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक माणसे एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची. दोन्ही जोडून एक चित्र केलेले. बोर्नने स्थळ ठेवून माणसे गाळली; जॉन्सनने माणसे ठेवून त्यांचे स्थळ बदलले. खाली जातीचे नाव आले की पाहणाऱ्याला चित्र पुरावा वाटे.

वसाहतीचा काळ संपल्यावरही ही सवय सुटली नाही. ल्युसियाँ एर्वे १९५५ आणि १९६१ मध्ये चंदीगडला आला. त्याच्या प्रसिद्ध चित्रांत काँक्रीट, तीव्र सावल्या आणि आकाश यांचेच राज्य आहे. पाश्चात्त्य वास्तुग्रंथांतले चंदीगड बरेचसे असेच आहे. अर्न्स्ट शायडेगरने १९५६ मध्ये टिपलेल्या चंदीगडात बांधकामावरचे मजूर आणि बायका दिसतात. त्या चित्रांचे पुस्तक निघाले २०१० साली.