कुणीही करू शकतं, पण कुणी केलं?

मंडळी, आटगावात पंक रॉकवर व्याख्यान, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. विषय वाटतो तितका लांबचा नाही.

पंकचा दावा साधा होता. दोन-तीन कॉर्ड येतात ना? मग बँड काढा, कुणाला विचारू नका. पण हे बँड काढले कुणी? न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' क्लबात १९७५ साली वाजवायला लागलेला 'टॉकिंग हेड्स' ऱ्होड आयलंडच्या कलाविद्यालयात भेटलेल्या मित्रांचा. इंग्लंडातल्या 'गँग ऑफ फोर'चे गायक आणि गिटारवादक लीड्स विद्यापीठात कला शिकत होते. 'सेक्स पिस्टल्स'ची कापलेल्या अक्षरांची कव्हरं करणारा जेमी रीडही कलाशाळेतलाच. त्यांच्याआधी, १९६६ मध्ये, 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'ला अँडी वॉरहॉलनं आपल्या कार्यक्रमांत उभं केलं होतं. म्हणजे 'कुणीही' या शब्दामागे एक खोली होती, मोकळा वेळ होता, ऐकणारे मित्र होते.

आता आपल्याकडे या. अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पोटासाठी जाहिरातीत कलादिग्दर्शक. १९५०च्या दशकात त्यांनी मित्रांबरोबर 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं. पुढे ते अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, इंग्रजीत गाणी लिहिली, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती टेपवर रेकॉर्डही केली. 'जेजुरी' १९७६ साली आली, ती कवींनीच चालवलेल्या 'क्लिअरिंग हाऊस'कडून. त्या पुस्तकांची मुखपृष्ठंही कोलटकरच करायचे.

कविता जगभर गेली. गाणी टेपवरच राहिली. माणूस तोच, अंगातली खाजही तीच. मग फरक कुठे पडला? माझं मत असं, की कवितेला सायक्लोस्टाइल यंत्र होतं, प्रती वाटणारे दोस्त होते. गाण्याला आपल्या गावात 'सीबीजीबी' नव्हतं.

म्हणून पंक आणि चित्रकला यांचं नातं पोस्टरच्या फाटक्या अक्षरांत शोधू नका. ती नक्कल आज कुठलीही जाहिरात कंपनी करते. नातं आहे ते जागेचं, यंत्राचं, वाटून घेण्याचं.

इथल्या पोरांच्या हातात आज फोन आहे, त्यात रेकॉर्डिंग होतं. यंत्र मिळालं. पण आवाज करायला खोली? वाईट वाजवलं तरी आठवडाभरानं परत ऐकायला येणारी दहा माणसं? तेवढ्यासाठी कसारा लोकलनं मुंबई गाठावी लागत असेल, तर 'कुणीही करू शकतं' हे वाक्य आपल्यासाठी अजून खरं झालेलं नाही.

ते खरं कसं करायचं, यावर आता तुम्ही बोला. मी ऐकतो.