सुधाकराचा निश्चय

‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी आमच्या बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने केला. नाटककार राम गणेश गडकरी त्यापूर्वी चारच आठवडे, २३ जानेवारीस, सावनेर येथे निवर्तले होते. या योगायोगाचा उल्लेख बडोदेकर मराठी माणूस मोठ्या अभिमानाने करतो. आम्हीही वर्गात दरवर्षी करीत आलो आहोत. परंतु नाटक पुन्हा वाचताना अलीकडे आमचे मन एका वेगळ्याच ठिकाणी अडखळले, त्याविषयी थोडे लिहावयाचे आहे.

या नाटकाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. न्यायालयात झालेला अपमान हे सुधाकरासारख्या बुद्धिमान वकिलाच्या अधःपतनास पुरेसे कारण आहे काय, हा एक. आणि सिंधूचे पातिव्रत्य आजच्या वाचकास कितपत पटावे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तथापि दोहोंतही दारू सुरू कशी झाली आणि तिने घर कसे बुडविले एवढ्याचाच विचार होतो. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, ही गोष्ट टीकाकार एका वाक्यात उरकतात. आमच्या मते नाटकाचा खरा मर्मबिंदू तेथे आहे.

सुधाकराचा निश्चय खोटा नाही. सिंधूचे कष्ट पाहून त्याला आलेली शरम अस्सल आहे. पण तो निश्चय कशावर उभा आहे ते पाहावे. तो केवळ पश्चात्तापावर उभा आहे, आणि पश्चात्ताप हाही एक प्रकारचा कैफच असतो. चढतो तसा उतरतो. उतरल्यावर माणसाच्या हाती काय उरते? सुधाकराजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी करावयास काम नाही, त्याच वाटेने गेलेला एकही सोबती नाही. रामलाल आहे, परंतु तो सज्जन उपदेशक आहे, आणि उपदेशकाला आपली लाज सांगता येत नाही. अशा स्थितीत तो उपजीविका मागण्यास प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तेथे त्याची हेटाळणी होते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पुढचे सर्व, बालकाचा आणि सिंधूचा अंत, अखेरचे विषपान, या एका नकारातून निघते. कोटीबाज गडकऱ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. (तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश मात्र आम्हांस आजही लांबलेले वाटतात.)

गडकऱ्यांचे न्यूनही येथेच आहे. निश्चय म्हणजे एकदाच घ्यावयाची भीष्मप्रतिज्ञा अशी त्यांची कल्पना. ती मोडली की सर्वनाश. पुन्हा पडलेल्या माणसाला पुन्हा उठण्याची जागाच नाटकात ठेवलेली नाही. शोकांतिकेला हे साजते. पण जीवन एवढे एकरेषीय नसते. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन येथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मंडळाचा उगम झाला, तो दोन मद्यपींच्या परस्परांशी झालेल्या बोलण्यातून. जन्मभराची शपथ घेऊ नये, आजचा दिवस पिऊ नये, हे त्या मंडळाने शिकविले. मराठीत ही दृष्टी अनिल अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाने आणली. पुण्यास १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राची ती कहाणी. गडकऱ्यांच्या भाषेचा झोत तेथे नाही; वाक्ये आखूड, घरगुती, क्वचित रुक्षही आहेत. मात्र नाट्यप्रसंग जेथे पडदा टाकतो तेथून हे पुस्तक पुढे चालते. एक दिवस, मग दुसरा दिवस, घसरण, परत येणे. त्या परत आलेल्याशी तेथे कोणी रामलालासारखे बोलत नाही. वर्गात ही दोन पुस्तके जोडीने वाचली जावीत, असे आम्हांस वाटते.

हे आम्ही तटस्थपणे लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखालचे एक गणिताचे शिक्षक दारूमुळे कामावरून गेले होते. उपचार घेऊन सात महिन्यांनी ते भेटावयास आले. कपडे स्वच्छ, हात स्थिर. आठवड्याचे चार तास मिळाले तरी पुरे, पगाराचे मग पाहू, असे म्हणाले. आम्ही त्यांना चहा दिला, प्रकृतीची आस्थेने चौकशी केली, आणि पालक काय म्हणतील हे कारण सांगून वाटेस लावले. आमचे बोलणे सौम्य होते, एवढेच आमचे त्या नाटकातील प्रतिष्ठितांहून निराळेपण.

त्याच सत्रात अकरावीच्या वर्गात आम्ही तो प्रवेश वाचून दाखविला. एका मुलीने विचारले, “सर, त्या लोकांनी त्याला काम दिले असते तर तो सुधारला असता का?” आम्ही नाटकाच्या रचनेविषयी काहीतरी उत्तर दिले. घंटा झाली. त्या गृहस्थांचा पत्ता कार्यालयातील जुन्या हजेरीपटावरून काढून आम्ही पत्र टाकले. ते “पत्ता बदलला” असा शेरा घेऊन परत आले.