स्वरनिष्ठेची कसोटी : डेव्हिड ऑइस्ट्राखचे व्हायोलिनवादन

आपल्या संगीतात गायक किंवा वादक हा स्वतःच निर्माता असतो. रागाची चौकट परंपरेने दिलेली असली, तरी आलाप-ताना त्या बैठकीत, त्या क्षणी जन्म घेतात. पाश्चात्य अभिजात संगीताची व्यवस्था निराळी आहे. तेथे रचनाकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो आणि वादकाने तो वाजवावयाचा असतो. मग दुसऱ्याचे लिहिलेले वाजविणाऱ्याचे मोठेपण कशात मानावे, असा प्रश्न सहजच उद्भवतो. या प्रश्नाचे उत्तर सोव्हिएत व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्ट्राख (१९०८–१९७४) याच्या कलेत जितके स्पष्ट दिसते, तितके ते क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदरात, एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वयाच्या पाचव्या वर्षी तो प्योत्र स्टोल्यार्स्की या विख्यात शिक्षकाकडे शिकू लागला. याच गुरूचा दुसरा शिष्य नाथन मिल्स्टाईन १९२५ साली देश सोडून गेला आणि जगप्रसिद्ध झाला. ऑइस्ट्राख मायदेशीच राहिला. १९३५ साली वॉर्सा येथील व्हिन्याव्स्की स्पर्धेत पंधरा वर्षांच्या जिनेत नव्हो या फ्रेंच मुलीने त्याला मागे टाकले. १९३७ साली ब्रुसेल्सच्या इझाई स्पर्धेत मात्र प्रथम पारितोषिक त्याच्याकडे आले. पश्चिम युरोप आणि अमेरिका येथील श्रोत्यांना त्याचे वादन प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले ते पुष्कळ उशिरा, १९५० नंतरच्या दशकात. तोपर्यंत तो चाळिशी ओलांडलेला, परिपक्व कलावंत झाला होता.

त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना प्रथम लक्षात येतो तो स्वराचा भरीवपणा. गज वरून खाली आणि खालून वर फिरतो, पण त्या वळणाची शिवण कानाला जाणवत नाही. डाव्या बोटांचा कंप तो सर्वत्र सारख्याच उदारपणे उधळीत नाही. आशयाप्रमाणे तो वाढवितो, आवरतो, कधी जवळजवळ थांबवितो. हायफेट्झच्या वादनात विजेची लखलख आहे, श्रोता थक्क होतो. ऑइस्ट्राखच्या वादनात श्रोता निवांत होतो आणि मग हळूहळू रचनेच्या अंतरंगात शिरतो. आपल्याकडे गजाननराव जोशी यांच्यासारख्यांनी व्हायोलिनला गायकीचे वळण दिले. त्यांचा मार्ग आणि त्यांचे संगीत वेगळे. परंतु तारेने कंठाप्रमाणे श्वास घ्यावा ही अपेक्षा ज्याच्या मनात आहे, त्या मराठी रसिकाला ब्राह्म्सच्या कॉन्चेर्टोतील ऑइस्ट्राखचा संथ भाग परका वाटणार नाही.

या स्वराची खरी कसोटी त्याच्या समकालीनांनी घेतली. प्रोकोफिएव्हचा फ मायनरमधील सोनाटा त्याने १९४६ साली लेव्ह ओबोरिन या पियानोवादकासह प्रथम सादर केला. त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी व्हायोलिनचे दबलेले, सरसरत जाणारे सूर आहेत. ते स्मशानातून वाहणाऱ्या वाऱ्यासारखे वाटावेत, अशी रचनाकाराची सूचना होती. ऑइस्ट्राख ते वाजवितो तेव्हा त्यांत शोकाचे प्रदर्शन नसते. सूर केवळ थंडगारपणे सरकत जातात आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. १९५३ च्या मार्चमध्ये प्रोकोफिएव्हच्या अंत्यविधीप्रसंगी त्याने याच सोनाटाचे दोन भाग वाजविले.

१० फेब्रुवारी १९४८ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने एक ठराव काढून काही रचनाकारांवर 'रूपवादी' म्हणून कठोर ठपका ठेवला. त्यांत प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच, खाचातुरियान आणि म्यास्कोव्स्की ही नावे होती. या चौघांनीही ऑइस्ट्राखसाठी रचना केल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो त्याच सुमारास पुरा झाला होता. तो सात वर्षे बासनात राहिला आणि २९ ऑक्टोबर १९५५ रोजी म्राविन्स्कीच्या दिग्दर्शनाखाली लेनिनग्राद येथे प्रथम ऐकविला गेला.

या रचनेच्या तिसऱ्या भागात, स्वतंत्र तबलावादनातील लेहऱ्याप्रमाणे, एकच मंद्र सुरावट पुनःपुन्हा येत राहते आणि तिच्यावर व्हायोलिनचा विलाप चढत जातो. पुढे वाद्यवृंद मूक होतो व व्हायोलिन कित्येक मिनिटे एकटेच बोलते. हे एकाकी स्वगत संपताच अखेरचा भाग मूळ योजनेत व्हायोलिननेच सुरू व्हावयाचा होता. आरंभीचे सूर वाद्यवृंदाकडे द्यावेत, म्हणजे निदान कपाळावरचा घाम पुसता येईल, अशी विनंती ऑइस्ट्राखने केली आणि शोस्ताकोविचने ती मानली. पुढे १९५६ साली 'सोव्हियेत्स्काया मुझिका' या मासिकात लेख लिहून त्याने या रचनेची बाजूही मांडली.

ऑइस्ट्राख पक्षाचा सभासद होता, राज्याचे सर्वोच्च सन्मान त्याला लाभले आणि सोव्हिएत संस्कृतीचे भूषण म्हणून त्याला देशोदेशी पाठविण्यात आले. राजवटीविरुद्ध त्याने जाहीरपणे आवाज उठविला नाही. हा आक्षेप खोटा नाही आणि त्याला छुपा बंडखोर ठरवून तो पुसून टाकण्याचा मोहही टाळावा. परंतु कलावंताची पारख करताना त्याच्या हातून काय घडले हेही मोजले पाहिजे. ज्यांच्यावर ठपका आला होता त्यांचे संगीत त्याने सौम्य करून वाजविले नाही, त्यातील अंधार उजळ केला नाही. वादकाजवळ यापेक्षा मोठी निष्ठा कोणती असणार?

१९३४ पासून तो मॉस्कोच्या संगीत-विद्यालयात शिकवीत होता. गिडॉन क्रेमर आणि ओलेग कगान यांसारखे परस्परांहून अगदी भिन्न शिष्य त्याच्या वर्गातून बाहेर पडले. शिष्य आपली प्रतिकृती होऊ नये, याची काळजी घेणारा शिक्षक विरळा. १९६४ साली हृदयविकाराचा झटका येऊनही त्याने आपला व्याप आवरला नाही. २४ ऑक्टोबर १९७४ रोजी ॲमस्टरडॅम येथे, ब्राह्म्सच्या रचनांचे दिग्दर्शन करण्यासाठी गेला असताना, त्याचे निधन झाले.

दुसऱ्याचे लिहिलेले सत्य अडचणीच्या काळात तसेच्या तसे, काना-मात्रा न बदलता लोकांपुढे ठेवणे हीदेखील निर्मितीच होय. ऑइस्ट्राखचे मोठेपण या निर्मितीत आहे.