स्टालिननंतर कोण?

आर्मांडो इयानुचींचा 'द डेथ ऑफ स्टालिन' (२०१७) पाहताना आम्ही घरचे सगळे खूप हसलो. संपल्यावर मात्र कोणी बोलेना. हुकूमशहा बेशुद्ध पडलाय, आणि डॉक्टर बोलवायचा का, यावर सहकारी बैठक घेतात! चांगले डॉक्टर तर आधीच पकडून नेलेले. इतकी वर्षे सत्ता गाजवून स्टालिनने मागे वारस ठेवला नाही, ठेवली ती भीती. हे चित्रपटात नेमके उतरले आहे.

एक खटकले. स्टालिन मार्च १९५३ मध्ये गेला. बेरियाला अटक जूनमध्ये आणि मृत्युदंड डिसेंबरमध्ये. पडद्यावर सारे काही दिवसांतच उरकते. खरी अस्थिरता त्या मधल्या महिन्यांतच होती.

तरीही मोठ्या मुलांबरोबर जरूर पाहा. 'यांच्यानंतर कोण?' हे उघडपणे विचारता येणे किती मोलाचे, ते कळेल.