जैतापूर: किरणोत्सर्गाच्या वादात हरवलेले दोन हिशेब

अणुऊर्जेवर बोलायला लागलं की पाच मिनिटांत चेर्नोबिल आणि फुकुशिमा येतातच. मग एक बाजू म्हणते, 'हे लोक विज्ञानाला घाबरतात', आणि दुसरी म्हणते, 'तुमच्या घराशेजारी बांधा की!' जैतापूरबद्दल गेली पंधरा वर्षं आपण असंच भांडतोय. माझी तक्रार दोन्ही बाजूंबद्दल आहे. अपघात होण्याची शक्यता किती, यावर सगळी ताकद खर्च होते आणि अपघात न होताही, अगदी सगळं सुरळीत चाललं तरीही जे होणार आहे, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. आज तो मांडून बघू. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. हवामानबदलाच्या दृष्टीने अणुवीज चांगली आहे. आयपीसीसीच्या २०१४च्या अहवालानुसार, बांधकामापासून विल्हेवाटीपर्यंत सगळं धरून अणुविजेच्या एका युनिटमागे साधारण १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, कोळशाच्या विजेमागे ८२० ग्रॅम. हा मुद्दा विरोधकांना टाळता येणार नाही.

आता पहिला हिशेब, पाण्याचा. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर फ्रेंच बनावटीच्या सहा 'ईपीआर' अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. मूळ प्रस्तावानुसार प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९०० मेगावॉट. पण हा झाला विजेचा आकडा. अशी एक भट्टी उष्णता तयार करते ४५९० मेगावॉट. म्हणजे १०० भाग उष्णतेतून वीज होते ३६ भाग, उरलेले ६४ भाग बाहेर टाकावे लागतात. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, उष्मागतिकीचा नियमच तसा आहे. सहा भट्ट्या मिळून साडेसतरा हजार मेगावॉटहून जास्त उष्णता समुद्रात जाणार. तयार होणाऱ्या विजेच्या पावणेदोनपट!

किनाऱ्यावरच्या प्रकल्पांनी सोडलेलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम असू नये, असा आपल्याकडचा निकष आहे. तो पाळायचा तर सेकंदाला साधारण ६०० घनमीटर पाणी लागेल. दिवसाला सुमारे ५३०० कोटी लिटर. प्रकल्पाच्या चर्चेत ५२०० कोटी लिटरचा जो आकडा फिरतो, तो याच्याशी छान जुळतो, म्हणजे तो कुणी घाबरवायला काढलेला नाही. पुणेकरांसाठी सांगायचं तर हे झाले २१ हजारांहून जास्त क्युसेक. खडकवासल्यातून एवढं पाणी सुटलं की भिडे पूल पाण्याखाली असतो. इथे तो विसर्ग कोमट आहे, आणि पावसाळा-उन्हाळा न बघता रोज चालणार आहे.

'समुद्र केवढा मोठा, त्याला काय फरक पडतो?' हे उत्तर मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. अरबी समुद्राला खरंच फरक पडणार नाही. पण मासेमारी अख्ख्या अरबी समुद्रात होत नाही, ती साखरी नाट्याच्या समोर होते. पाच अंशांनी तापलेल्या पाण्यात विरघळणारा प्राणवायू सात-आठ टक्क्यांनी घटतो. शिवाय एवढं पाणी ओढताना त्याबरोबर माशांची अंडी, पिल्लं आणि प्लवक आत जातात. पाइपात शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात, त्यातून ती तगणं अवघड. मोठा मासा पोहून लांब जाईल हो, पण होडीवाला त्याच्यामागे किती लांब जाणार? डिझेल कुणाच्या खिशातून? खुद्द फ्रान्समध्ये उन्हाळ्यात नद्या तापल्या की काठावरच्या अणुभट्ट्यांची वीजनिर्मिती कमी करावी लागते. म्हणजे गरम पाण्याचा प्रश्न काल्पनिक नाही.

दुसरा हिशेब पैशांचा. हीच ईपीआर फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला बांधायला घेतली २००७ साली. अंदाज होता ३.३ अब्ज युरो आणि २०१२ची मुदत. ग्रिडला ती जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये, आणि कंपनीच्याच हिशेबाने व्याज सोडून खर्च गेला १३ अब्जांच्या वर. फिनलंडची ओल्किलुओटो-३ सुरू केली २००५मध्ये, नियमित वीज मिळाली २०२३मध्ये. चीनमधल्या ताइशानच्या दोन भट्ट्या त्यामानाने लवकर, २०१८ आणि २०१९मध्ये सुरू झाल्या, हेही सांगायला हवं. आपल्याशी २०१०मध्ये करार करणारी अरेवा कंपनी मात्र तोट्यात बुडाली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफला घ्यावा लागला.

उशीर एवढा महाग का पडतो? समजा बांधकामाचा मूळ खर्च १०० रुपये आहे, तो दरवर्षी सारखा होतो, आणि कर्जावर १० टक्के व्याज आहे. पाच वर्षांत काम झालं तर शेवटी डोक्यावर १२२ रुपये असतात. पंधरा वर्षं लागली तर २१२. सिमेंट, पोलाद, मजुरी काहीच महागलं नाही असं धरूनसुद्धा! अणुविजेत इंधन स्वस्त असतं, खरा खर्च बांधकामाचा आणि त्यावरच्या व्याजाचा. म्हणून 'युनिटला अमुक रुपये' असं कुणी सांगितलं की लगेच विचारा: बांधकाम किती वर्षांत धरलंय? व्याज किती? आणि मुदत चुकली तर फरक कोण भरणार, कंपनी, सरकार, की आपलं वीजबिल?

हे प्रश्न आधीच विचारायला हवे होते. नोव्हेंबर २०१०च्या शेवटी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली गेली, आणि फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करार झाला. पुढच्या एप्रिलमध्ये साखरी नाट्यात आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक मच्छीमार गेला. नऊशेहून जास्त हेक्टर जमीन संपादित झाली. भट्टीचं पहिलं काँक्रीट अजून पडायचंय.

'लोकांना विज्ञान कळत नाही' हे वाक्य या सगळ्या काळात किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. पण पाणी तापेल, मासळी हटेल, हे कोळ्यांचं म्हणणं वरच्या गणितात तंतोतंत बसतं. उलट 'समुद्र मोठा आहे' आणि 'वेळेत पूर्ण होईल' ही दोन वाक्यंच आकड्यांपुढे टिकत नाहीत. अणुवीज हवी की नको, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण पुढच्या वेळी कुणी जैतापूरबद्दल छातीठोकपणे बोलायला लागलं, बाजू कुठलीही असो, तर चेर्नोबिलच्या आधी हे दोन हिशेब समोर ठेवा.